आरएक्स १००चं हेड : नवं घ्यायचं की असलेलंच लेथवर चढवायचं?

यामाहाची टू स्ट्रोक आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. तरीही तिच्यासाठी ‘परफॉर्मन्स हेड’ (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण) विकणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढतेच आहे. सोनेरी अ‍ॅनोडाइझ केलेलं, उन्हाच्या किरणांसारख्या फिन्स (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्या) असलेलं, वर लेसरने नाव कोरलेलं हेड समोर आलं की हात खिशाकडे जातोच. बाजारात मिळणाऱ्या पर्यायांचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: रस्त्यावर चालवायच्या दहातल्या नऊ गाड्यांना मूळ हेड चांगल्या टर्नरकडून कापून घेणं हाच सगळ्यात चांगला सौदा आहे. उरलेल्या एका गाडीला नवं हेड लागतं, पण ते का लागतं हे मालकाला माहीत असलं पाहिजे.

फोर स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह, पोर्ट, कॅम असं बरंच काही असतं, त्यामुळे तिथे हेड बदललं की इंजिनाचा श्वासच बदलतो. टू स्ट्रोकच्या हेडमध्ये यातलं काहीच नाही. एक खळगा (डोम), त्याभोवती एक पट्टी, वर प्लगचं भोक आणि बाहेर फिन्स. हवा-पेट्रोल आत येतं ते ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंतीतल्या पोर्टमधून (भोकांतून) आणि जळलेला वायू बाहेर जातो तोही तिथूनच. म्हणून ‘या हेडने तीन बीएचपी वाढतात’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारायचं, कुठल्या ब्लॉकवर, कुठल्या सायलेन्सरवर? उत्तर मिळालं नाही तर बोलणं तिथेच संपवलेलं बरं.

हेड विकत घेताना खरं तर दोन आकडे विकत घ्यायचे असतात. पहिला स्क्विश गॅप, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याची कड आणि हेडची पट्टी यांच्यामध्ये उरलेली फट. दुसरा चेंबरचं घनफळ, म्हणजे त्याच वेळी पिस्टनच्या वर उरलेली एकूण जागा, सीसीमध्ये. पट्टीची रुंदी, तिचा कोन, डोमचा आकार हे सगळं त्यानंतर. विकणाऱ्याने हे दोन आकडे छापलेले नसतील तर ते हेड फक्त दिसायला घेतलं जातंय असं समजा. आणि छापलेले असले तरी ते तुमच्या इंजिनावर खरे ठरतीलच असं नाही, कारण ब्लॉकची उंची, खालचं पॅकिंग, वरचं गॅस्केट आणि पिस्टनचा माथा या चारही गोष्टी प्रत्येक जुन्या गाडीत वेगळ्या झालेल्या असतात. तीस-पस्तीस वर्षांत त्या ब्लॉकचं फेसिंग (वरची बाजू घासून सपाट करणं) किती जणांनी केलंय, कुणाला माहीत!

आधी असलेलं मोजा

नवं काहीही घेण्याआधी असलेल्या हेडवर स्क्विश मोजायचा. दीड ते दोन मिलिमीटर जाडीची मऊ सोल्डर वायर घ्या. हेड गॅस्केटसकट बसलेलं आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसलेले हवेत; नुसतं ठेवून मोजलं की आकडा खोटा येतो, कारण गॅस्केट दबलेलं नसतं. वायर प्लगच्या भोकातून आत घालून सिलिंडरच्या भिंतीला टेकवा. इथे बहुतेक जण चुकतात: वायर पिस्टन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रेषेत, म्हणजे गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूला टेकवायची. पुढे-मागे टेकवली तर पिस्टन पिनवर डुलतो आणि फट आहे त्यापेक्षा जास्त दिसते. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना एकदम दोन तुकडे घाला. मग मॅग्नेटच्या नटाला पाना लावून क्रँक सावकाश टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या, पलीकडे न्या. किक मारून हे काम करू नका. चेपलेलं टोक मायक्रोमीटरने किंवा निदान चांगल्या व्हर्नियरने मोजा.

चेपलेल्या तुकड्याची बाहेरची आणि आतली जाडी दोन्ही बघा. बाहेर ०.९ आणि आत १.० असेल तर उत्तम. पट्टी आतल्या बाजूला किंचित उघडत गेलेली असावी. उलटं असेल, म्हणजे बाहेर १.२ आणि आत ०.८, तर पट्टीचा कोन पिस्टनच्या माथ्याशी जुळत नाही, आणि कडेला अडकलेला वायू मध्यभागी ढकलला जाण्याऐवजी तिथेच तापत बसतो. नॉकिंगची (उरलेलं मिश्रण आपोआप भडकून टकटक येण्याची) सुरुवात अशाच जागेतून होते. डाव्या-उजव्या मापात ०.१ मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर हेड वाकलंय किंवा ब्लॉकचं फेसिंग तिरकं झालंय. काचेवर हेड उपडं ठेवून फीलर गेज लावा. ०.०३ मि.मी.पेक्षा जाड पाती आत जाता कामा नये.

या आकाराच्या इंजिनाला रस्त्यावर ०.९ ते १.० मि.मी. स्क्विश ठेवावा. ०.८ पर्यंत जाता येतं, पण क्रँक नवा किंवा नीट बांधलेला असेल तरच. बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) ढिलेपणा असला की वरच्या आरपीएमला कनेक्टिंग रॉड ताणतो, बेअरिंगमधला खेळ त्यात मिळतो आणि पिस्टन हेडला टोचायला लागतो. त्यावर थोडा कार्बन साठला की काम तमाम. उलट १.५ च्या वर गेलात तर ती पट्टी असून नसल्यासारखी. आश्चर्य म्हणजे फट मोठी ठेवणं ‘सेफ’ असतं असा समज अजून पक्का आहे. तेवढ्याच कॉम्प्रेशनला (मिश्रण तेवढ्याच पटीने दाबलं जात असताना) १.६ मि.मी. स्क्विशचं इंजिन ०.९ वाल्यापेक्षा लवकर टकटक करतं, कारण कडेच्या पातळ थरातला वायू तिथे थंड राहत नाही आणि मध्यभागीही पोचत नाही.

आता घनफळ. इंजिन थोडं कलतं करून प्लगचं भोक सरळ उभं राहील असं बघा. पिस्टन टीडीसीला आणा. त्याआधी हेड उघडून पिस्टनच्या कडेने ग्रीसचा बारीक थर दिलेला असावा, म्हणजे द्रव रिंगांमधून खाली झिरपत नाही. ब्युरेटमधून किंवा ०.१ सीसीच्या खुणा असलेल्या सिरिंजने पातळ ऑइल आणि रॉकेल किंवा डिझेल यांचं मिश्रण भोकाच्या सगळ्यात खालच्या आट्यापर्यंत भरा. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून गाडी किंचित हलवा. जेवढं गेलं तेवढं तुमचं घनफळ.

५० मि.मी. बोअर (सिलिंडरचा व्यास), ५० मि.मी. स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) म्हणजे ९८.१७ सीसी. या आकड्यात चेंबरचं घनफळ मिळवायचं आणि बेरजेला चेंबरच्याच घनफळाने भागायचं, की कॉम्प्रेशन येतं. ९.५ सीसी चेंबरला ११.३ येतं, ८.९ ला १२. पण आपल्याकडे जो गोंधळ होतो तो पुढे आहे. जपानी कंपन्या टू स्ट्रोकचं कॉम्प्रेशन पूर्ण स्ट्रोकवर सांगत नाहीत. एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावर जेवढा वायू खरोखर अडकतो तेवढ्यावरच सांगतात. म्हणून मॅन्युअलमध्ये साडेसहा-सातच्या आसपासचा आकडा दिसतो आणि दुकानदार ‘बाराचं हेड’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं कॉम्प्रेशन दुप्पट झालं. दोन्ही आकडे एकाच इंजिनाचे असू शकतात.

हेड शेवटी निवडायचं

उदाहरणापुरतं धरा, एक्झॉस्ट पोर्टची वरची कड टीडीसीपासून ३१ मि.मी. खाली आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६३ चौ.सें.मी. म्हणजे त्या कडेच्या वर ६०.९ सीसी अडकतात. चेंबर ९.५ सीसी असेल तर अडकलेलं कॉम्प्रेशन ७.४. आता पोर्टिंगवाल्याने (पोर्ट घासून मोठे करणाऱ्याने) पोर्ट २ मि.मी. वर नेला. कड २९ वर आली, अडकलेला वायू ५६.९ सीसी झाला आणि हेडला हातही न लावता कॉम्प्रेशन ७.० वर उतरलं. परत ७.४ हवं असेल तर चेंबर ८.९ सीसी करावं लागेल. याचा अर्थ तेच ८.९ सीसीचं हेड पोर्ट केलेल्या ब्लॉकवर बरोबर आहे आणि स्टॉक (कंपनीच्या मूळ) ब्लॉकवर जास्तीचं. हेड आधी घेऊन मग पोर्टिंग करणारे दोनदा पैसे घालवतात ते यामुळे. क्रम असा: बोअर आणि पिस्टन, मग पोर्टिंग, मग खालच्या पॅकिंगची जाडी ठरवून पोर्टची उंची पक्की, मग सायलेन्सर आणि सगळ्यात शेवटी हेड.

पेट्रोल पंपावरच्या इंधनावर, हवेवर थंड होणाऱ्या आणि घाटात मागे माणूस बसवून चढणाऱ्या इंजिनाला अडकलेलं कॉम्प्रेशन ७ ते ७.३ ठेवावं. ७.५ च्या वर रोजच्या गाडीत जाऊ नये. ड्रॅग रेसमध्ये गाडी काही सेकंद पूर्ण रेसवर असते, तिथे जास्त चालतं. तेच हेड पुणे-कोल्हापूर रस्त्यावर खंबाटकी चढताना पिस्टन खातं.

आणखी एक गोष्ट. कॉम्प्रेशन वाढवलं की पिस्टनवर जास्त काम होतं, म्हणून एक्झॉस्टमधून जाणारा वायू तुलनेने थंड जातो. एक्स्पान्शन चेंबरमधली (सायलेन्सरच्या फुगीर भागातली) लाट थंड वायूत हळू धावते, म्हणून सायलेन्सरचा पॉवरबँड थोडा खाली सरकतो. खालचा आणि मधला पिकअप छान वाटतो, पण वर गाडी ‘अडकते’, रेस चढत नाही. मग मालक कार्बोरेटर बदलतो, रीड बदलतो, सायलेन्सर कापतो. मूळ दुखणं हेडमध्ये असतं. ज्याला टॉपला रेस हवी त्याने कॉम्प्रेशन उलट थोडं कमी ठेवावं.

मूळ हेड, कापून घेतलेलं

हा पर्याय पहिला, आणि यावर जास्त बोलायला हवं. कंपनीचं ओतीव हेड चांगल्या धातूचं आहे, फिन्स वाऱ्याच्या दिशेत आहेत, प्लगचे आटे सहसा शाबूत असतात. कमतरता एवढीच की स्क्विश ढिला आहे, आणि तीही कापून दुरुस्त होते.

पण ‘हेड घासून आणलं’ यातच सगळा घोळ आहे. धरा, मोजल्यावर स्क्विश १.६ मि.मी. आणि चेंबर १०.२ सीसी निघाला. फेसवरून ०.७ मि.मी. घासलं की स्क्विश ०.९ झाला, छान. पण त्याबरोबर १.३७ सीसी गेले. चेंबर ८.८३ वर आला, पूर्ण स्ट्रोकचं कॉम्प्रेशन १०.६ वरून १२.१ आणि वरच्या उदाहरणातल्या स्टॉक पोर्टवर अडकलेलं ७.९ झालं. रोजच्या गाडीला हे फार झालं. घासण्याने दोन्ही आकडे एकत्र हलतात. ते वेगवेगळे हलवायचे असतील तर घासण्याच्या टेबलावरून लेथवर जावं लागतं: फेस ०.७ कापायचा आणि डोममधून ०.९ सीसी परत द्यायचे. डोमचा व्यास ३७ मि.मी. असेल तर त्याचं क्षेत्रफळ १०.७५ चौ.सें.मी. म्हणजे डोमचं छत साधारण ०.८४ मि.मी. सारखं वर नेलं की ०.९ सीसी मिळतात. चेंबर ९.७ ला येतो, अडकलेलं कॉम्प्रेशन ७.३ च्या आत. स्क्विश घट्ट, कॉम्प्रेशन मापात. या एका कामाने गाडीत पडणारा फरक मोटारसायकल समजणाऱ्याला पहिल्या किलोमीटरला कळतो: हाफ थ्रॉटलला इंजिन गोळीबंद वाटतं आणि लोडवर टकटक येत नाही.

छत वर नेल्यावर प्लगकडे लक्ष द्या. धातू ०.८४ मि.मी. कमी झाला म्हणजे प्लगचे आटे तेवढे चेंबरमध्ये बाहेर डोकावतात. आट्याचा पिच १.२५ मि.मी., म्हणजे साधारण दोन-तृतीयांश आटा उघडा. तो लालबुंद होतो आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. उपाय सोपा: प्लगखाली तेवढ्या जाडीचं तांब्याचं जादा वॉशर, किंवा छत खोल न करता डोम थोडा रुंद करणं.

डोम रुंद करायचा तर पट्टीचा हिशोब ठेवा. ५० मि.मी. बोअरला डोम ३५.४ व्यासाचा असेल तर पट्टी पिस्टनच्या अर्ध्या क्षेत्रफळाची होते, रुंदी ७.३ मि.मी. डोम ३८.७ चा असेल तर ४० टक्के, रुंदी ५.६. रस्त्यासाठी ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये कुठेही ठीक. आरएक्स १३५ च्या ५८ मि.मी. बोअरला हेच माप ६.५ ते ८.५ मि.मी. रुंदीचं होतं.

टर्नरकडे जाताना काय सांगायचं, हेही लिहून देतो, कारण बहुतेक वेळा काम बिघडतं ते तोंडी सांगण्याने. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चांगले लेथवाले आहेत, पण त्यांना रोज टू स्ट्रोकची हेडं येत नाहीत. त्यांना ड्रॉइंग द्या. हेड जबड्यात फिन्सवर धरू देऊ नका, फिन तुटतो आणि केंद्रही सापडत नाही. १४ × १.२५ आट्याचा मँड्रेल (हेड लेथवर धरायचा दांडा) करून प्लगच्या भोकातून धरावं आणि गॅस्केटच्या फेसवर आणि कडेच्या गोलावर डायल गेज लावून ०.०५ च्या आत आणावं. प्लगचं भोक तिरकं असेल तर मात्र मँड्रेल चालणार नाही, फिक्स्चर करावं लागेल. आधी फेस, मग पट्टी पिस्टनच्या माथ्याच्या कोनात किंवा त्याहून एक अंश आतल्या बाजूला उघडी, मग डोम. पिस्टनचा कोन अंदाजाने सांगू नका. बेव्हल प्रोट्रॅक्टरने (कोनमापकाने) मोजा किंवा पिस्टनच सोबत न्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पिस्टनांचे माथे सारखे नसतात. पट्टी जिथे डोमला मिळते तिथली धार ०.५ ते १ मि.मी. गोलाईने मारायची. ती धार तशीच राहिली तर तीसुद्धा आट्यासारखी तापून लाल होते.

बोअर केलेल्या गाड्यांसाठी वेगळी सूचना. पिस्टन १ मि.मी. ओव्हरसाइज असेल तर बोअर ५१ झाला, पण हेडमधला पट्टीसकटचा पूर्ण खळगा ५० च्या हिशोबानेच राहिला. त्याची कड बोअरच्या आत येते. पिस्टन ब्लॉकच्या काठापर्यंत येत असेल तर हीच कड त्याला आधी लागते. खळगा बोअरपेक्षा किंचित मोठा, सगळीकडून ०.१-०.२ मि.मी. बाहेर, कापून घ्या. घनफळाचा हिशोबही बदलतो: ५१ ला १०२.१ सीसी.

स्वस्तातलं ‘हाय कॉम्प्रेशन’ ओतीव हेड

मूळ हेडची नक्कल, चेंबर लहान केलेला. किंमत बघून मोह होतो. घेण्यासारखं नमुन्याला एखादंच निघतं. दुकानातच तपासायचं: व्हर्नियरने डोमच्या कडेपासून खळग्याच्या कडेपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजा. ०.३ मि.मी.चा फरक आला तर डोम मधोमध नाही आणि पट्टी एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद आहे. प्लग हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अर्ध्यात घट्ट होत असेल तर आटे वाकडे. मग प्लग कसून हेड उपडं धरा, चेंबरमध्ये पेट्रोल किंवा थिनर भरा आणि दहा मिनिटं थांबा. फिन्सच्या मुळाशी ओल दिसली तर ओतकाम सच्छिद्र आहे. ते हेड परत.

अनेक नकलांमध्ये पट्टी असतेच असं नाही. नुसता अर्धगोल खळगा, लहान केलेला. याने कॉम्प्रेशन वाढतं, किक जड होते आणि मालकाला वाटतं ताकद आली. किक जड होणं म्हणजे ताकद नव्हे.

सीएनसी, एका तुकड्यातलं

घन अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून, बहुधा ६०६१ किंवा ६०८२ मिश्रधातूतून कापलेलं. माप अचूक, फेस सपाट, आटे चांगले. पोर्टिंग पूर्ण झालेलं आहे आणि मूळ हेड आधीच चार वेळा घासून पातळ झालंय, अशा गाडीला हे योग्य. बनवणारा तुमचे आकडे (बोअर, पिस्टनचा कोन, हवा असलेला स्क्विश, हवं असलेलं सीसी) विचारून मग कापत असेल तर पैसे वसूल. ‘सगळ्या आरएक्सना एकच’ असं म्हणत असेल तर नको.

फिन्सकडे नीट बघा. किरणांसारख्या गोल पसरलेल्या फिन्स फोटोत सुंदर दिसतात, पण गाडीवर वारा एकाच दिशेने येतो. त्यातल्या निम्म्या फिन्स वाऱ्याला आडव्या पडतात आणि मागच्या बाजूला गरम हवा कोंडते. सरळ, वाऱ्याच्या दिशेतल्या, मुळाशी जाड आणि टोकाला पातळ फिन्सच काम करतात. जाड काळा पेंट असलेली हेडंही टाळा. पातळ थर चालतो. प्लगचा रीच (आट्यांच्या भागाची लांबी) मूळ प्लगइतकाच आहे ना, तेही बघा. छोट्या रीचच्या हेडमध्ये १९ मि.मी. रीचचा प्लग घातला तर तो पिस्टनला लागतो. मोठ्या रीचच्या हेडमध्ये १२.७ चा घातला तर ठिणगी भोकात लपते आणि मोकळ्या आट्यांत कार्बन भरतो.

इन्सर्ट डोमचं हेड

बाहेरचं कवच वेगळं, आतला डोम वेगळा. डोम बदलला की कॉम्प्रेशन बदलतं. पाण्यावर थंड होणाऱ्या रेसच्या इंजिनांत ही रचना उत्तम चालते, कारण डोमला पाणी थेट लागतं. हवेवरच्या इंजिनात डोमची उष्णता सांध्यातून पार होऊन कवचात आणि मग फिन्सपर्यंत जावी लागते. सांध्यात केसाएवढी जरी फट असली तरी डोम तापत राहतो. शिवाय गॅस्केटऐवजी ओ-रिंग असतात. साधी नायट्रिलची ओ-रिंग इथे टिकत नाही. व्हायटॉनची घेतली तरी तिची मर्यादा साधारण २०० अंश सेल्सिअस, आणि घाटात पहिल्या गिअरला अडकलेल्या गाडीचं हेड त्याच्या फार मागे नसतं. ट्रॅकवर दर रविवारी वेगळा सेटअप करणाऱ्यांसाठी ठीक. ऑफिसला जायच्या गाडीवर हा खर्च वाया.

१३५ चं हेड १०० वर बसवायचा सल्ला गॅरेजमध्ये मिळतोच. ते ५८ मि.मी. बोअरसाठी आहे. त्याची पट्टी बहुतांश ५० च्या बोअरबाहेर पडते आणि कडेने एक पायरी तयार होते, जिथे मिश्रण अडकून नीट जळत नाही. स्टड जुळले म्हणून हेड जुळलं असं होत नाही.

बसवताना आणि नंतर

तांब्याचं गॅस्केट परत वापरायचं असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतं. अ‍ॅल्युमिनियमचं दबलेलं गॅस्केट परत घालू नका. फेस जाड काचेवर ४०० आणि मग ६०० नंबरच्या पेपरने इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवून साफ करा. नट आडवे-तिडवे, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने. इंजिन पूर्ण गरम होऊन पूर्ण थंड झालं की पुन्हा एकदा टॉर्क तपासा.

प्लग एक नंबर थंड घ्या. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशच्या आजच्या प्लगमध्ये बरोबर उलट. या एका गोष्टीने किती पिस्टन गेले असतील! टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) एक-दोन अंश मागे घ्या. स्टेटर प्लेट क्रँक फिरतो त्याच दिशेला सरकवली की ठिणगी उशिरा पडते. वीस अंशांच्या आसपास दोन अंश म्हणजे पिस्टनच्या प्रवासात साधारण ०.३५ मि.मी., तेव्हा डायल गेज लावूनच करा. डोळ्याने प्लेट सरकवण्यात अर्थ नाही.

कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक-दोन नंबर मोठा ठेवून सुरुवात करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमुळे नॉकिंग दबतं ही चांगली बाजू, पण इथेनॉल जाळायला हवा कमी लागते आणि त्याच जेटमधून येणारं मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ होतं. जुन्या जेटवर नवं हेड लावून पळवणाऱ्यांची गाडी याच सापळ्यात सापडते. वरच्या गिअरला फुल थ्रॉटलवर चालवून तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग बघा: पोर्सेलिनच्या मुळाशी हलक्या तपकिरी रंगाचं कडं दिसायला हवं. पोर्सेलिनवर राखाडी, चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. गाडी तिथून ढकलत आणा.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर हेड एकदा उघडायलाच हवं. नॉकिंगचे व्रण आणि मिश्रण आधीच पेटल्याचे व्रण वेगळे दिसतात. पिस्टनच्या कडेला आणि हेडच्या पट्टीवर वाळूने फवारल्यासारखी बारीक खड्डेदार चाळण असेल तर नॉकिंग: कॉम्प्रेशन जास्त, टायमिंग पुढे किंवा स्क्विश ढिला. माथ्याच्या मधोमध वितळलेला खळगा असेल तर काहीतरी लाल होऊन आधीच पेट घेतंय: गरम प्लग, उघडा आटा, धारदार कड किंवा हेलिकॉइलचं (खराब आट्यांच्या जागी बसवलेल्या तारेच्या गुंडाळीचं) बाहेर आलेलं टोक. दोन्ही नसेल तर पट्टीवरचा कार्बन बघा. ०.९ च्या आसपास स्क्विश असलेल्या इंजिनात पिस्टनची बाहेरची कड बरीचशी स्वच्छ राहते आणि डोमखालचा भाग तपकिरी होतो. कड सगळीकडे एकसारखी काळी असेल तर सोल्डर वायर पुन्हा बाहेर काढा. वरचं गॅस्केट तुम्ही मोजलं होतं त्यापेक्षा जाड बसलंय.